वायरलेस अँड्र्यू

वायरलेस अँड्र्यू हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या परिसरात उभारलेले बिनतारी संगणकीय जाळे होय. इ.स. १९९३ मध्ये ते संशोधन प्रकल्प म्हणून सुरू झाले. ‘वाय-फाय’ हे नाव १९९९ मध्ये रूढ होऊ लागले, त्याच्या कितीतरी आधी हे जाळे काम करीत होते. विद्यापीठाचा परिसर व्यापू पाहणारे पहिले बिनतारी जाळे म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. याच विद्यापीठात पुढे मिश्र अध्ययनाचे, म्हणजे काही भाग महाजालावर व काही भाग वर्गात शिकविण्याचे, गाजलेले प्रयोग झाले.

नाव व पार्श्वभूमी

अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोन उद्योगपतींची नावे विद्यापीठाला मिळालेली आहेत. त्या दोघांच्या सामाईक नावावरून १९८२ मध्ये आयबीएम कंपनीच्या साहाय्याने हाती घेतलेल्या संगणक प्रकल्पास ‘अँड्र्यू’ असे म्हटले गेले. परिसरातील कोणत्याही संगणकावर बसून विद्यार्थ्याला आपल्या फाइली मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होता. मात्र त्यासाठी तारेने जोडलेल्या संगणकापर्यंत जावे लागे. ही अट काढून टाकण्याचे काम वायरलेस अँड्र्यूने केले. प्रकल्पाचे प्रवर्तक ॲलेक्स हिल्स यांनी त्यापूर्वी अलास्कातील दुर्गम वस्त्यांना दूरसंचाराने जोडण्याचे काम केलेले होते.

पहिल्या टप्प्यात ‘वेव्हलॅन’ ही उपकरणे वापरली गेली. त्यांचा वेग सेकंदाला २ मेगाबिट इतका होता. परिसराबाहेर असताना भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून जोडणी मिळे, पण ती फारच मंद असे. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक निश्चित झाले आणि १९९९ च्या सुधारित मानकाने वेग ११ मेगाबिटपर्यंत नेला. त्यानंतर जाळ्याचा विस्तार झपाट्याने झाला.

रचनेतील अडचणी

बिनतारी जाळ्यातील ॲक्सेस पॉइंट हे उपकरण एका बाजूने तारेच्या जाळ्याला जोडलेले असते व दुसऱ्या बाजूने रेडिओ लहरींद्वारे संगणकांशी बोलते. अशी उपकरणे छताला टांगून दिली की काम झाले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात लहरी भिंती, लोखंडी कपाटे, जिने यांवर आदळून परततात, क्षीण होतात. काही ठिकाणी त्या अपेक्षेपेक्षा दूरही पोहोचतात. त्यामुळे नकाशावर वर्तुळे काढून केलेली आखणी फसते. कार्नेगी मेलनमध्ये उपकरण तात्पुरते ठेवून लहरींची तीव्रता मोजणे, जागा बदलणे व पुन्हा मोजणे ही पद्धत वापरली गेली. हे काम अतिशय कष्टाचे होते. ते सुकर करण्यासाठी हिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रोलअबाउट’ हे साधन तयार केले. चाकांवरची ही गाडी मार्गिकेतून ढकलत नेली की आपण कोठे आहोत व तेथे लहरी किती तीव्र आहेत, याची नोंद सोबतच होत असे.

दुसरी अडचण वाहिन्यांची होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत ११ वाहिन्या उपलब्ध असल्या तरी एकमेकींत न मिसळणाऱ्या तीनच वाहिन्या (१, ६ व ११) एका वेळी वापरता येतात. शेजारच्या दोन उपकरणांना एकच वाहिनी देता येत नाही. शिवाय हा शेजार एका मजल्यापुरता नसतो. वरच्या आणि खालच्या मजल्यावरील उपकरणेही शेजारीच ठरतात. नकाशातील लगतच्या प्रदेशांना वेगळे रंग देण्याच्या कोड्याची ही त्रिमितीय आवृत्तीच म्हणावी लागेल, आणि हाताशी रंग मात्र तीनच.

वर्गखोल्यांत याहून अवघड प्रश्न उभा राहतो. एका ॲक्सेस पॉइंटची क्षमता त्याच्याशी जोडलेल्या सर्वांत वाटली जाते. २ मेगाबिटच्या जोडणीवर ४० विद्यार्थी एकाच वेळी काम करू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सैद्धांतिक हिशेबानेही ५० किलोबिटच येतात. आपसांतील टक्कर टाळण्यात जाणारा वेळ धरला तर त्याहूनही कमी. म्हणून व्याख्यानगृहांत लहरी पोहोचतात की नाही, यापेक्षा तेथे किती जण एकदम बसणार आहेत हे आधी विचारात घ्यावे लागते. इतरत्र कमी उपकरणांत मोठे क्षेत्र व्यापले जाते, तर व्याख्यानगृहात थोड्या जागेत अधिक उपकरणे बसवावी लागतात. पडद्यावर लहरींच्या सर्व रेघा भरलेल्या दिसत असूनही पान उघडत नाही, हा अनेकांना येणारा अनुभव या क्षमतेच्या तुटवड्यातून येऊ शकतो.

मिश्र अध्ययनाशी संबंध

२००२ मध्ये ह्युलेट प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने विद्यापीठाने ‘ओपन लर्निंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी उदाहरण सोडवीत असतानाच त्याला इशारे व चुकीचे कारण सांगितले जाते. कोणत्या संकल्पनेत वर्ग अडखळतो आहे हे या उत्तरांवरून शिक्षकाला तासापूर्वीच कळू शकते.

या अभ्यासक्रमाची चाचणी मार्शा लव्हेट, ओडेड मेयर व कँडेस थिल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. मिश्र गटातील विद्यार्थ्यांनी एरवी १५ आठवडे चालणारा अभ्यासक्रम सुमारे ८ आठवड्यांत, आठवड्याला दोनच तासिका घेऊन पूर्ण केला. त्यांचे गुण पारंपरिक वर्गाच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले होते. परंतु गट लहान होता, विद्यार्थी स्वेच्छेने आलेले होते आणि विद्यापीठ निवडक प्रवेशाचे होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

या यशाचे श्रेय बिनतारी जाळ्याला देणे चुकीचे ठरेल. जाळ्यामुळे अभ्यासाचा महाजालावरील भाग वाचनालयात, वसतिगृहात किंवा हिरवळीवरही करता येतो. तो शिकविण्याजोगा आहे की नाही, हे अभ्यासक्रमाच्या रचनेवर ठरते. तासिका कमी करून केवळ व्याख्यानांच्या चित्रफिती जाळ्यावर टाकल्यास शिक्षकाकडे वर्गाच्या अडचणींची माहिती परत येण्याचा मार्गच उरत नाही.

याच संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाची मोठी परीक्षा विल्यम बोवेन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाली. सहा सार्वजनिक परिसरांतील ६०५ विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. मिश्र गटाची शिक्षकांशी प्रत्यक्ष भेट आठवड्यातून सुमारे एक तासच होत असे, तर दुसऱ्या गटाचे वर्ग नेहमीप्रमाणे तीन ते चार तास चालत. उत्तीर्ण होण्याचे प्रमाण व अंतिम परीक्षेतील गुण यांत दोन्ही गट जवळपास सारखे राहिले. म्हणजे गुण वाढले नाहीत, पण तासिका घटवूनही ते कमी झाले नाहीत.