कवडीमोल रुई

वऱ्हाडात समुद्र नाही, पण मिठाचा सत्याग्रह झाला. १९३० साली गांधीजी दांडीला पोचले, तेव्हा इथल्या कार्यकर्त्यांपुढे साधा प्रश्न होता : मीठ उचलायचे कुठून? अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याने त्याचे उत्तर दिले. तिथल्या विहिरींचे पाणी एवढे खारे, की जुन्या काळी त्यापासून मीठ काढत. त्याच पाण्याचे मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून जवळपास नऊशे गावांचा हा खारपाणपट्टा. इथली म्हातारी माणसे अजून सांगतात, की कधीकाळी इथे समुद्र होता, तो गेला आणि मीठ ठेवून गेला. भूशास्त्राला हे कितपत मान्य होईल तो भाग वेगळा. समुद्राशी आपले काही देणेघेणे नाही, ही वऱ्हाडी माणसाची समजूत मात्र नकाशा उघडला की टिकत नाही.

पूर्णा मध्य प्रदेशात भैंसदेहीकडच्या डोंगरातून निघते, वऱ्हाडाच्या मधोमध वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. तापी सुरत ओलांडून डुमसजवळ अरबी समुद्रात जाते. अकोल्याची मोर्णा, अमरावतीजवळची पेढी, काटेपूर्णा, शहानूर या सगळ्या पूर्णेच्याच लेकी. अमरावती जिल्ह्याचा पूर्वेचा उतार मात्र वर्धेकडे. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या धरणातून सुटलेले पाणी प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे जिल्हा एक आणि समुद्र दोन.

दिवाळी अंकांत समुद्र वाचवण्यावर लेख येतात, तेव्हा वर्सोव्याचा किनारा असतो, तो साफ करणारे अफरोज शाह असतात, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले असतात. त्या कामाचे मोल मोठे आहे. प्रश्न एवढाच, की जिथून लाट दिसत नाही त्या मुलखाच्या हाती यातले काय आहे? आणि कचऱ्यातून धंदा उभा करणाऱ्या मंडळींनी, ज्यांना आता हरित उद्योजक म्हणतात, वऱ्हाडात नेमका कोणता कचरा हाती घ्यावा?

पहिले उत्तर सगळ्यांच्या तोंडी असते : प्लास्टिक. इथे जरा थांबायला हवे. अकोल्याच्या नाल्यात पडलेली कॅरीबॅग वाहत वाहत डुमसला जाते, हे चित्र भाषणाला बरे असते. तिच्या वाटेत हतनूरचे धरण आहे, उकाईचे आहे, काक्रापारचे आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के जगभरातल्या हजारभर नद्या वाहून नेतात, आणि त्यांत किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडची उल्हास त्या यादीत अगदी वर आहे. आतल्या मुलखातले बहुतेक प्लास्टिक वाटेतच अडकते. काठच्या बाभळीला लोंबते, धरणाच्या गाळात बसते, गाईच्या पोटात जाते. म्हणून ते निर्दोष ठरत नाही. गाळात बसलेल्या प्लास्टिकचे बारीक कण होतात आणि ते पुराबरोबर पुढे सरकतात. त्यांच्यासोबत शहरांचे मैलापाणी, शेतांतला युरिया, फवारण्यांचे अंश. धरणाची भिंत पिशवी अडवते, विरघळलेले काही अडवत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्यात मोर्णेचा अकोला ते टाकळी जलम हा पट्टा आहे, पूर्णेचा धुपेश्वर ते आसेगाव आहे, आणि पेढीचा नारायणपूर ते भातकुली. याच पेढीच्या काठी वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत आहे, त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यभर झाले, आणि त्यांनी शेवटचा श्वास घेतला ती नदी प्रदूषितांच्या यादीत गेली. याहून जास्त काही लिहायला हात धजत नाही.

मोर्णेची गोष्ट निदान थोडी बरी आहे. २०१८ च्या जानेवारीत जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकाराने नदी साफ करायला शहर उतरले. १३ जानेवारीला चार किलोमीटरच्या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त माणसे होती. त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. लोकांनी हातांनी ओढून काढली ती मुख्यतः जलपर्णी. हिरवीगार, जांभळ्या फुलांची, दिसायला देखणी, आणि मैलापाण्यावर माजणारी. आज काढली तरी महिन्याभरात परत हजर. काढलेल्या जलपर्णीचे पुढे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक नदीकाठी उरतो. काठावर ढीग लागतो, कुजतो, पावसात पुन्हा पाण्यात उतरतो. श्रमदानाने नदी एकदा साफ होते. दर महिन्याला साफ ठेवायची तर काढलेल्या मालाला कोणीतरी गिऱ्हाईक लागते.

आणि हे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेत निघाले. बेनिन देशात कोटोनूजवळ नोकुए नावाचे सरोवर आहे, तेही जलपर्णीने गिळलेले. तिथे ‘ग्रीन कीपर्स आफ्रिका’ नावाच्या कंपनीने काठच्या बायकांकडून जलपर्णी विकत घ्यायला सुरुवात केली. ती वाळवून, दळून त्यांनी सांडलेले तेल शोषणारी पूड तयार केली, ‘जीकेसॉर्ब’ या नावाने. कारखान्याच्या फरशीवर, गॅरेजमध्ये, बंदरावर तेल सांडले की ही पूड टाकायची. कचरा नदीचा आणि उपयोग किनाऱ्याला. मोर्णा आणि नोकुए यांच्या जलपर्णीत काही फरक नाही, वनस्पती तीच.

तेलाचा विषय निघाला म्हणून मॉरिशसला जाऊन येऊ. तिथे मराठी माणूस पाचसहा पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यात मजुरीला गेला आणि अजून गणपती बसवतो. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळांवर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल निळ्या खाडीत उतरले. सरकारी यंत्रणा जुळवाजुळव करत होती तोवर लोकांनी वाट पाहिली नाही. उसाचे वाळलेले पाचट आणले, कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासून भरले, तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि ही माळ पाण्यावर टाकली. काही जणांनी न्हाव्यांच्या दुकानांतले केस आणून भरले. जगाच्या टीव्हीवर दिसलेला तो समुद्रबचाव उसाच्या शेतातल्या कचऱ्याने केला होता. आपल्याकडे हेच पाचट अजून रानात पेटवतात.

आता वऱ्हाडाच्या घरी येऊ. दिवाळीत आजी वाती वळते तो कापूस कधी पाण्यात टाकून पाहा. सरकी काढलेला, पण न धुतलेला, दुकानातला पांढराशुभ्र सर्जिकल नव्हे. तो तरंगतो. पाणी त्याला लवकर शिवत नाही. तोच कापूस पणतीत टाकला की तेल झटक्यात वर चढते. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, तो पाण्याला दूर ठेवतो आणि तेलाला जवळ करतो. सर्जिकल कापूस करताना हा मेणाचा थर धुऊन काढतात, म्हणून तो पाणी पितो. तेल सांडलेल्या समुद्रावर हवा असतो पहिला कापूस.

अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवले. त्यांच्या प्रयोगात कच्च्या कापसाने स्वतःच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त तेल धरले. त्यातली खरी गंमत पुढे आहे. सगळ्यात चांगले काम केले ते अपक्व, बारीक धाग्याच्या, बाजारात पडेल ठरलेल्या कापसाने. धागा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तेलाला चिकटायला जागा जास्त. सूतगिरणी नाक मुरडते तोच माल इथे अव्वल.

असा माल वऱ्हाडात किती, हे ज्याने बोंडअळीचे वर्ष पाहिले त्याला विचारा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पीक पोखरले. अळीने खाल्लेल्या, अर्धवट उमललेल्या बोंडातून निघतो त्या डागी, आखूड, अपक्व कापसाला आपल्याकडे कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बाया तो वेगळ्या ओट्यात टाकतात. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभाव मिळतो तो ठरलेल्या दर्जाच्या कापसाला. कवडी व्यापाऱ्याकडे जाते आणि व्यापारी म्हणेल तो भाव. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले पीक, घेणाऱ्याच्या घरात तर शेवटी कवडीच जास्त. कवडी हे मुळात समुद्रातल्या जीवाचे कवच. एकेकाळी नाणे म्हणून चालली, मग भाषेत कवडीमोल झाली आणि शेवटी आमच्या शेतकऱ्याच्या डागी कापसाला चिकटली. हा शब्द समुद्राकडे परत पाठवण्याची सोय आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

कारण समुद्राला गरज आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडले, कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल वाहिले. ते मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत शिरले. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला असेच झाले, तेव्हा माणसांनी बादल्यांनी तेल उपसल्याची छायाचित्रे देशभर गाजली. समुद्रावरचे तेल आवरण्याची जबाबदारी आपल्याकडे तटरक्षक दलाची आहे, आणि त्यासाठी वापरायच्या शोषक गाद्या आणि माळा बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. म्हणजे तेल पुसायला तेलापासूनच केलेले प्लास्टिक. ते काम उत्तम करते, हे खरे. काम झाल्यावर ते तेलाने माखलेले प्लास्टिक म्हणून उरते, हेही खरे. तेल पिऊन झालेल्या कापसाचेही काहीतरी करावेच लागते, पण त्यातले तेल पिळून बरेचसे परत मिळते आणि उरलेला बोळा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतो.

मग अजून कोणी हे केले का नाही? पहिली अडचण अशी, की तेलगळती रोज होत नाही. जो माल वर्षानुवर्षे गोदामात पडून राहायचा, त्यावर जिनिंगवाला भांडवल अडकवणार नाही. त्याला आज खंडीचा भाव कळतो, पुढच्या अपघाताची तारीख कळत नाही. त्यामुळे समुद्रावरच डोळे लावून चालणार नाही. रोज तेल सांडते ते एसटीच्या आगारात, रेल्वेच्या शेडमध्ये, एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये, पेट्रोलपंपावर. तिथले तेल पावसात नाल्यात उतरते, नाल्यातून मोर्णेत, पेढीत. कवडीची गादी आधी तिथे विकावी. धंदा रोजच्या गिऱ्हाइकावर चालतो, किनारा ही त्याची आणीबाणीची मागणी. बेनिनच्या कंपनीने गॅरेज धरले ते याचसाठी.

दुसरी अडचण दर्जाची. कवडीत पालापाचोळा, सरकीचे तुकडे, ओल. समुद्रावर माल वापरायचा तर त्याची चाचणी, प्रमाण, ठरलेले माप लागते. यात अशक्य काही नाही. कापसाचे तंत्रज्ञान तपासायला मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चाललेली संस्था आहे, आज तिला सिरकॉट म्हणतात. तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडापासून, पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र तिनेच उभे केले. पऱ्हाटीच्या कांड्यांना वऱ्हाडात ‘पांढरा कोळसा’ म्हणून गिऱ्हाईक मिळाले आहे, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी धुऱ्यावर पेटवायची ती पऱ्हाटी आता काही गावांतून ट्रॅक्टर भरून जाते. अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. प्रयोगशाळा आहेत, कापूस आहे, कवडी आहे. नाही ती या तिघांना एका टेबलावर बसवणारी एखादी ऑर्डर.

या सगळ्यात भंगारवाल्याला विसरू नये. हरित उद्योजक हा शब्द येण्याआधी अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांतून पत्रा, बाटली, रद्दी घेत हिंडणाऱ्याने जेवढे प्लास्टिक नाल्याबाहेर ठेवले, तेवढे एकाही मोहिमेने ठेवले नसेल. केरळात २०१७ मध्ये कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरात सरकारने कोळ्यांना हे काम सोपवले. जाळ्यात मासळीबरोबर आलेले प्लास्टिक परत समुद्रात न टाकता धक्क्यावर आणायचे, मग ते बारीक करून डांबरी रस्त्यात घालायचे. कोळ्याची जाळी आणि भंगारवाल्याचा गाडा एकाच कामाची दोन टोके आहेत. रस्त्यात प्लास्टिक घालण्याचे मला वैयक्तिक फार कौतुक नाही. झिजलेल्या रस्त्याचे कण कुठे जातात, हे नीट मोजले गेल्याशिवाय त्याला समुद्ररक्षण म्हणायला मी तयार नाही. पण गोळा केलेल्या मालाला पुढे वापर मिळाला, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

शेवटी हिशेब मांडतो, कारण वऱ्हाडी वाचक हिशेबाशिवाय उठत नाही. कापसाची एक गाठ १७० किलोची. तीसपट धरली, तर एका गाठीत पाच टनांच्या वर तेल. ‘चित्रा’तून वाहिले त्या ८०० टनांना सुमारे १५७ गाठी. लाटांनी आणि गाळाने घोळ घालून प्रयोगशाळेतला आकडा समुद्रावर निम्मा उतरला असे समजू आणि दुप्पट धरू : सुमारे ३१४ गाठी. अकोल्यातली मध्यम जिनिंग-प्रेसिंग हंगामात दोन-तीन दिवसांत एवढ्या गाठी बांधते.