सहा आठवडे की सहा महिने?

दुखायचं थांबलं की गुडघा बरा झाला, असं आपल्याकडे घरात, शाळेत आणि मैदानावर सगळे धरूनच चालतात. कोवळ्या वयातल्या खेळाडूचा गुडघा याच समजुतीपायी बिघडतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत, पांढरी कूर्चा असते, तिच्यात मज्जातंतू नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. त्यामुळे तिला इजा झाली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं आवरण आणि खालचं हाड, आणि तेही पुष्कळदा उशिरा. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या वंगणातून. चालताना दाब पडतो आणि सुटतो, तसं ते वंगण ती स्पंजासारखं शोषून घेते. तिची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर असते. ही कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, असं विल्यम हंटर या लंडनच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यानंतर शस्त्रक्रिया कुठल्या कुठे गेल्या, पण त्याचं म्हणणं अजून पूर्णपणे कुणाला खोडता आलेलं नाही.

गुडघ्यात कूर्चेचा आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे मेनिस्कस. दवाखान्यात तिला सरसकट ‘गादी’ म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अशा दोन चंद्रकोरी असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. गुडघा सरळ असताना सांध्यावरचा साधारण निम्मा भार या गाद्या पेलतात आणि काटकोनात वाकला की ८५ टक्क्यांपर्यंत. खेळात फाटते ती बहुतेकदा हीच. कबड्डीत चढाईपटू पाय रोवून वळतो आणि त्याच क्षणी मागून घोट्याची पकड बसते. पाऊल मॅटवर अडकलेलं, वरचं शरीर फिरलेलं, आणि मधली गादी चिमटून फाटते. खो-खोत दिशा बदलताना, फुटबॉलमध्ये हुलकावणी देताना, बॅडमिंटनमध्ये नेटजवळ खोल वाकून परतताना हेच होतं. कुणाचा धक्का लागलाच पाहिजे असं नाही.

‘गुडघा फिरला’ असं पोरं सांगतात. त्यांच्या सांगण्यातच बरंचसं निदान असतं, फक्त नीट विचारायला हवं. सूज कधी आली? दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचल्याची शंका घ्यावी. अशा वेळी लिगामेंट तुटलेलं असू शकतं किंवा हाड-कूर्चेचा तुकडा निघालेला असू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर संशय गादीवर जातो. उकिडवं बसताना सांध्याच्या रेषेवर कळ येते का? जिना उतरताना गुडघा दगा देतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय पूर्ण सरळ होतो का? गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकून बसला असेल, तर गादीचा फाटलेला पट्टा सांध्यात येऊन अडकलेला असू शकतो. याला थांबायला वेळ नसतो, काही दिवसांतच सर्जन गाठावा लागतो.

मात्र आपल्याकडे आधी तेल येतं. मग चोळणारा, आणि मग पाय ओढून ‘बसवून’ देणारा. त्यांच्या हाताला कधी गुण येतो हे मी नाकारत नाही, पण अडकलेला गुडघा ओढून सरळ करणं म्हणजे फाटलेल्या गादीला आणखी फाडणं. पहिल्या दिवशी करायचं ते साधं आहे. खेळ थांबवायचा, फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकायचं, क्रेप बँडेज बांधायचं आणि पाय उशीवर उंच ठेवायचा. वेदनाशामक इंजेक्शन देऊन फायनलला उतरवणं हा तर उघड गुन्हा मानला पाहिजे.

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, कूर्चाही दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नये. तरीही एक्स-रे काढावाच, कारण वाढत्या वयातले हाडांचे दोष त्यात कळतात. एमआरआय खूप काही दाखवतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. म्हणून गुडघा हातात धरून, वाकवून, फिरवून तपासणारा डॉक्टर शोधावा. केवळ रिपोर्ट वाचून शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यापेक्षा तो बरा.

खरा पेच पुढे येतो. फाटलेल्या गादीवर शस्त्रक्रिया करायची ठरली तर दुर्बिणीतून दोन गोष्टी करता येतात: फाटका भाग कापून काढणं किंवा टाके घालून शिवणं. कापलं तर मूल चार-सहा आठवड्यांत मैदानावर येऊ शकतं. शिवलं तर पाच-सहा महिने जातात. जिल्हा स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात, राज्य पातळीवरच्या कामगिरीवर दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण अवलंबून असतं. बापाला सहा आठवडे हवे असतात आणि प्रशिक्षकालाही. मुलाला तर उद्याच उतरायचं असतं.

इथेच घाई नडते. विसाव्या शतकात बरीच वर्षं सर्जन गादी सर्रास अख्खी काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने अशा गुडघ्यांचे एक्स-रे पाहून दाखवून दिलं की गादी गेली की पुढे हाडांचे आकार बदलत जातात. गादी नसली की कूर्चेवरचा दाब दोन-तीन पट होतो. सोळाव्या वर्षी पूर्ण गादी गमावणाऱ्याला तिशी-चाळिशीत संधिवात गाठू शकतो. म्हणून आज जाणते सर्जन, विशेषतः लहान वयात, शिवता येईल तितकी गादी शिवतात. शिवणं नेहमीच जमत नाही. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. फाटलंय कुठे आणि कसं, यावर सारं ठरतं. शिवलेल्यांपैकी पाचातली एखादी पुढे पुन्हा फाटतेही. एवढं असूनही कोवळ्या गुडघ्याच्या बाबतीत माझं मत सहा महिन्यांच्या बाजूनेच पडेल. शिवण फसली तर पुढे कापता येतं, कापलेलं मात्र परत जोडता येत नाही.

दहा ते पंधरा वयातल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. काहींना मार न लागताच महिनोन्‌महिने गुडघा दुखतो. कूर्चेखालच्या हाडाचा छोटा भाग सैल होऊ लागलेला असतो. हाडांची वाढ चालू असेल आणि तुकडा जागेवर असेल, तर यातले अनेक गुडघे शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. अट एकच, उड्या आणि धावणं काही महिने पूर्ण बंद. ‘वाढत्या वयातलं दुखणं’ म्हणून दुर्लक्ष करत राहिलं, तर तो तुकडा सुटून सांध्यात फिरू लागतो.

हाडाच्या टोकावरच्या कूर्चेला खड्डा पडला असेल तर उपाय आहेत, पण आधीसारखी कूर्चा कुणी देत नाही. हाडाला बारीक छिद्रं पाडली की रक्तातून नवी पेशीजाळी तयार होते, मूळ कूर्चेपेक्षा दुय्यम दर्जाची. स्वीडनमध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्याचं तंत्र पुढे आलं. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आज ते भारतातही मिळतं. मात्र ते महागडं आहे आणि मैदानावर परतायला वर्षभर लागू शकतं.

टाके घातल्यावर खरं काम घरी असतं. कुबड्या, ब्रेस, आणि सुरुवातीचे चार-सहा आठवडे गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. म्हणजे मांडी घालून जेवण बंद, भारतीय बैठकीचा संडास बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी, शस्त्रक्रियेनंतर धावपळ नको. मांडीचा स्नायू काही दिवसांतच बारीक होतो आणि परत भरायला महिने लागतात. फिजिओथेरपीचा कंटाळा याच काळात येतो, कारण दुखत नसतं. परतीचा निर्णय कॅलेंडर पाहून घेऊ नये. एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के लांब पडते का, सूज येते का, वळताना गुडघा आत झुकतो का, हे मोजून घ्यावं.

बॅडमिंटनपटू सायना नेहवाल २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळली आणि गटातच बाहेर पडली. त्याच महिन्यात मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी तिने जागतिक स्पर्धेत कांस्य आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं. २०२४ मध्ये मात्र तिनेच सांगितलं की गुडघ्याला संधिवात आहे आणि कूर्चेची अवस्था वाईट आहे. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. तिला देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ मिळाले होते. तालुक्याच्या गावी डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीचे सोळाशे मीटर मारणाऱ्या किंवा कबड्डीसाठी पहाटे उठणाऱ्या मुलाला यातलं काय मिळतं, हा प्रश्न क्रीडा खात्याने स्वतःला विचारावा.

तोवर पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना इतकंच सांगणं आहे. आठवड्याला एका खेळाचा सराव मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास होऊ देऊ नका. गुडघा अडकत असेल किंवा सुजत असेल तर चोळणाऱ्याकडे नेऊ नका. आणि सर्जनने गादी कापायची म्हटलं तर सही करण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, शिवता येणार नाही का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं तर कारण समजून घ्या, आणि ते पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.