बॉयलर माळ्यावर गेला आणि घर वाजू लागलं

ब्रिटनमध्ये घर दुरुस्तीला काढलं की बहुधा स्वयंपाकघराची भिंत आधी पडते आणि तिच्यावरच्या बॉयलरला नवी जागा शोधावी लागते. ती बऱ्याचदा माळ्यावर सापडते. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली जवळपास तीन चतुर्थांश घरं केवळ पाइपातून येणाऱ्या गॅसवर ऊब घेतात. हॅरो, स्लाउ, रेडिंगमधली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. काम संपतं, नवा ओटा दिसू लागतो. मग थंडीतल्या पहिल्या पहाटे टायमर लागतो आणि झोपणाऱ्यांच्या डोक्यावर गुडगुड, टकटक किंवा भोंग्यासारखा घुमणारा आवाज सुरू होतो.

अशा वेळी ‘हलवताना बिघडला, आता नवाच घ्या’ हा सल्ला फार लवकर दिला जातो. तो लगेच मानू नये, असं मला ठामपणे वाटतं. आदल्या आठवड्यापर्यंत निमूट चालणारं यंत्र दोन मजले वर नेल्याने म्हातारं होत नाही. त्याच्याभोवतीचं बरंच काही मात्र बदललेलं असतं: आतलं पाणी, पाण्याचा दाब, गॅसच्या पाइपाची लांबी, धूर बाहेर नेणारा फ्लू आणि ज्या लाकडावर तो टांगला आहे ते लाकूड. तपास तिथून सुरू व्हायला हवा.

घर तापवणारं पाणी नळाच्या पाण्यासारखं वाहून जात नाही. तेच पाणी बॉयलर, पंप, पाइप आणि रेडिएटर यांच्या बंद वर्तुळात वर्षानुवर्षं फिरतं. बॉयलर हलवायचा तर ते सगळं सोडून द्यावं लागतं आणि काम झाल्यावर ताजं पाणी भरावं लागतं. थंड ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते; पाणी तापलं की ती सुटते आणि सर्वांत उंच जागी जमते. पूर्वी ती वरच्या मजल्यावरच्या एखाद्या रेडिएटरमध्ये साठायची. आता सर्वांत उंच जागा खुद्द बॉयलरची असते, त्यामुळे पहिले काही दिवस ऐकू येणारी खळखळ बहुतेकदा हवेचीच. रेडिएटरमधली हवा घरच्या माणसालाही काढता येते. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्यायचे, खाली फडकं धरायचं, किल्ली थोडी उलट फिरवायची आणि फुसफुस थांबून पाण्याची धार आली की बंद करायचं. त्यानंतर दाब उतरतो, तेव्हा काटा पाहून पाणी पुन्हा भरावं लागतं. बॉयलरच्या आतली हवा काढणं मात्र इंजिनीअरचं काम.

या काट्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि माळ्यावर गेलेल्या बॉयलरचं निम्मं दुखणं मला इथेच दिसतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण एक बार भरतो. स्वयंपाकघरातून माळ्यापर्यंतचं अंतर पाच मीटर धरलं, तर त्याच पाण्याचा दाब वर अर्ध्या बारने कमी भरणार. पाणी भरायचा नळ आणि काटा खालीच ठेवलेला असेल आणि जुन्या सवयीने तिथे १.२ पाहून नळ बंद केला असेल, तर बॉयलरपाशी जेमतेम ०.७ उरतो. थंड असताना बॉयलरजवळ साधारण १ ते १.५ बार हवा. कमी दाबावर पंपाच्या तोंडाशी, जिथे तो पाणी ओढतो तिथे, दाब आणखी घसरतो. बारीक बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात आणि पंपातून खडे फिरल्यासारखी खरखर येते. घरमालकाला वाटतं पंप गेला. पंप बदलूनही खरखर थांबत नाही, कारण दाब तोच राहिलेला असतो. म्हणून काटा नेमका कुठे बसवला आहे हे आधी विचारावं आणि बॉयलरपाशी किती दाब आहे ते पाहावं. थंड असताना एक बार दाखवणारा काटा पाणी तापल्यावर तीनकडे धावत असेल, तर फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली हवा गेलेली असू शकते. काटा दर दोन-चार दिवसांनी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. नुसतं पाणी भरत राहिलं तर प्रत्येक वेळी नवी हवा आत जाते.

चहाचं आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळातून जसा दबका आवाज येतो तसा आवाज बर्नर पेटल्यावर चढत गेला, तर दोष उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या भागात शोधावा. तिथल्या अरुंद वाटांत पाणी पुरेसं फिरत नाही, धातूला लागूनच उकळतं आणि बुडबुडे फुटतात. जुन्या रेडिएटरच्या तळाशी लोखंडाच्या गंजाचा काळा, चुंबकाला चिकटणारा गाळ बसलेला असतो. पाणी सोडताना-भरताना तो ढवळला जातो आणि थेट या वाटांत जाऊन अडकतो. त्यातच जुन्या पाण्याबरोबर गंजरोधक रसायनही वाहून गेलेलं असतं. यंत्रणा धुतली का, रसायन पुन्हा घातलं का आणि परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर आहे का, हे तीन प्रश्न विचारायला कोणी संकोचू नये. लंडन आणि केंटचं पाणी जड असल्यामुळे तिथे क्षारांचा थरही साचतो. ग्लासगोला १८५९ पासून लॉख कॅट्रिनचं मऊ पाणी मिळतं. तिथे क्षारांपेक्षा गाळावर संशय घ्यावा.

आंघोळीचं गरम पाणी सोडलं की भोंगा वाजतो आणि नळ बंद केला की थांबतो, ही तक्रार वेगळी आणि अधिक गंभीर. कॉम्बी बॉयलर गरम पाणी देताना सर्वांत जास्त गॅस जाळतो. मीटरपाशी गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो आणि मीटरपासून बॉयलरपर्यंत त्यातला फार तर एक मिलिबार कमी झालेला चालतो. बॉयलर मीटरजवळ असताना १५ मिलिमीटरचा पाइप पुरला असेल. माळ्यापर्यंत तो तिप्पट लांब झाला आणि वाटेत सहा-सात वळणं आली, की पुरत नाही. पाइप किती जाडीचा हवा ते ठरवताना प्रत्येक वळण जवळपास अर्धा मीटर जास्तीचं धरतात, म्हणून बऱ्याचदा २२ किंवा २८ मिलिमीटरचा पाइप टाकावा लागतो. फ्लू लांबला तरी हवा आणि गॅसचं प्रमाण बिघडून ज्योत घुमू शकते. यात कानाचा अंदाज चालत नाही. बॉयलर पूर्ण जोरावर चालवून गॅसचा दाब मोजावा लागतो आणि फ्लूमधल्या वायूंची तपासणी करावी लागते.

काही आवाज निव्वळ जागेचे असतात. स्वयंपाकघरात बॉयलर विटांच्या भक्कम भिंतीवर होता. माळ्यावर तो लाकडी चौकटीवर टांगला आणि ती चौकट ज्या तुळयांवर उभी आहे त्यांनाच खालच्या खोलीचं छत ठोकलेलं असेल, तर पंप आणि पंख्याची साधी थरथर सगळं छत घुमवते. बॉयलरमागे रबरी पट्ट्या, भक्कम पाठफळी आणि लाकडाला न टेकणारे पाइप एवढ्यानेही मोठा फरक पडतो. हीटिंग सुरू होताना आणि बंद झाल्यावर टकटक येत असेल तर तांब्याचा पाइप सरकतो आहे. दहा मीटर पाइप पन्नास अंशांनी तापला की सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतो. तुळईतली खाच घट्ट असेल तर तो अडतो, मग झटक्याने सुटतो. खाचेत नमद्याची पट्टी घालावी आणि बॉयलरमधून जाणाऱ्या पाण्याचं तापमान कमी ठेवावं. धुरातली उष्णता परत मिळवणाऱ्या आजच्या कंडेन्सिंग बॉयलरला कमी तापमान गॅसच्या बचतीसाठीही मानवतं.

एखादा रेडिएटर हातोडा मारल्यासारखा धडधडत असेल तर जाणारा आणि येणारा पाइप जोडताना उलटापालट झाली का ते तपासून घ्यावं. जुने थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह एकाच दिशेचा प्रवाह सोसतात. उलट दिशेने पाणी आलं की ते आपटत राहतात. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुरगुरून बंद पडला तर आम्ल पाणी बाहेर सोडणारी प्लास्टिकची नळी गोठलेली असण्याची शक्यता मोठी. डिसेंबर २०१० च्या थंडीत असंख्य घरांत हेच झालं होतं. ही नळी शक्यतो घराच्या आतून न्यावी. बाहेरून न्यावीच लागली तर किमान ३२ मिलिमीटरची, नीट उताराची आणि वेष्टन घातलेली हवी.

इंजिनीअरला बोलावण्याआधी आवाजाची टिपणं काढावीत. तो फक्त हीटिंगला येतो की गरम पाण्यालाही, बर्नर पेटताना की विझल्यावर, काटा तेव्हा कुठे होता, सगळे रेडिएटर उघडे होते का. फोनवर आवाज मुद्रित करून ठेवला तर आणखी बरं, कारण माणूस दारात आला की आवाज गप्प होतो हा अनेकांचा अनुभव आहे. अशी टिपणं असली की सुट्या भागांची अंदाजाने अदलाबदल टळते.

बॉयलरचं आवरण मात्र स्वतः उघडू नये. १९९८ च्या नियमांनुसार गॅसचं काम पात्र माणसानेच करायचं असतं आणि १ एप्रिल २००९ पासून त्यासाठी ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद लागते. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्या व्यक्तीला कोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. घुमणाऱ्या आवाजाबरोबर पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली, अथवा घरात कुणाचं डोकं दुखून मळमळू लागलं, तर बॉयलर बंद करून खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावं आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म बॉयलरबरोबर माळ्यावरही लावावा आणि त्याचा आवाज बंद दारापलीकडे, झोपायच्या खोलीत ऐकू येतो का ते बटण दाबून पाहावं.