जस्ताची स्लाइड आणि केसाएवढा तडा

पिस्तुलाला गेलेला तडा पहिल्यांदा दिसतो तो काजळीच्या रेघेसारखा. रेंजवरून घरी आल्यावर टेबलावर जुनं फडकं अंथरायचं, मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं आहे ना हे दोनदा बघायचं आणि मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, उतरवून तेलाच्या बोळ्यानं पुसायला घ्यायची, हा नेमबाजाचा नेहमीचा परिपाठ. काळं निघत जातं, धातू दिसू लागतो. एका कोपऱ्यातली बारीक रेघ तेवढी जात नाही. नख फिरवलं तर किंचित अडतं. कोरडी पुसून ठेवली तरी थोड्या वेळानं आतून तेल पाझरतं आणि रेघ पुन्हा काळी होते. ही काजळी नव्हे. तिथं धातू उकललेला असतो.

अमेरिकेत .२२ ची छोटी पिस्तुलं वापरणाऱ्या अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. तिथं नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा दिलं जातं ते बहुधा .२२ चंच हत्यार. धक्का कमी, आवाज बेताचा, काडतुसं स्वस्त. साहजिकच एका दुपारी दोनशे-तीनशे गोळ्या सहज उडवल्या जातात. पिस्तूल लहान असलं तरी त्याला मेहनत मोठी पडते.

हे काडतूस जुनं आहे. .२२ लाँग रायफल या नावानं ते १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं आणलं, आणि आजही जगात सर्वाधिक खपणाऱ्या काडतुसांत त्याची गणना होते. त्याला रिमफायर म्हणतात, कारण स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि काडतूस पेटतं. आतली गोळी बहुधा २.६ ग्रॅमची, म्हणजे पाव तोळ्याच्याही आत.

तड्याचं मूळ या हलकेपणातच आहे. छोट्या .२२ पिस्तुलांत गोळी सुटताना चेंबर मागून बंद ठेवायला वेगळं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि तिच्यामागची स्प्रिंग, एवढाच अडसर. दाबानं गोळी पुढे जाते, तोच दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला रेटते, स्लाइड मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना नवं काडतूस चेंबरमध्ये सारते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलासारखी जाड पोलादी स्लाइड इथं बसवली तर हे हलकं काडतूस ती पुरती मागे ढकलूच शकणार नाही. म्हणून कारखान्यांना हलका धातू शोधावा लागला. कोणी ॲल्युमिनियम घेतलं, कोणी जस्ताचा मिश्रधातू.

या जस्ती मिश्रधातूचं नाव झामक. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून ते पडलं. न्यू जर्सी झिंक कंपनीनं तो १९२९ साली तयार केला. पोलाद वितळायला चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियस लागतात; झामक चारशेच्याही आत वितळतो. साच्यात दाबानं ओतला की खाचाखोचांसकट भाग तयार, पुढे फारसं कोरकाम नको. दाराच्या मुठी, नळाच्या तोट्या, खेळण्यातल्या मोटारी अशा कितीतरी वस्तू याच धातूच्या असतात. घरातली अशी एखादी मूठ तुटली की तुटलेली जागा बघावी. पोलादासारखी तंतुमय न दिसता ती राखाडी आणि साखरेसारखी दाणेदार दिसते. आघात सोसून वाकण्याची सवय या धातूला फारशी नाही.

जर्मनीच्या वाल्थर कंपनीनं २००२ साली पी-२२ हे पिस्तूल बाजारात आणलं, ते याच रचनेचं. प्लॅस्टिकची चौकट, पोलादी नळी, जस्ती स्लाइड, आणि सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास. हातात नेमकं बसतं, लहान हातांनाही झेपतं. ते भरपूर खपलं, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या स्लाइडना तडे गेल्याच्या तक्रारीही अमेरिकी मालकांकडून येत राहिल्या. सिग कंपनीच्या नावानं विकल्या गेलेल्या मॉस्किटोची स्लाइडही जस्ताचीच होती. रुगर कंपनीनं २०१२ साली एसआर-२२ आणताना ॲल्युमिनियम निवडलं. त्याच रुगरचं १९४९ पासून चालत आलेलं मार्क मालिकेतलं पिस्तूल मात्र हा प्रश्नच टाळतं. त्यात बाहेरची नळकांडी जागेवर स्थिर राहते आणि आत फक्त एक पोलादी बोल्ट मागे-पुढे सरकतो. वर्षानुवर्षं, हजारोंनी गोळ्या झाडायच्या असतील तर ही जुनी रचना निःसंशय उजवी.

तडा जातो तोही ठरलेल्या जागी. रिकामी पुंगळी बाहेर पडण्यासाठी स्लाइडला जी खिडकी कापलेली असते, तिथं धातूची भिंत सर्वांत बारीक होते, आणि खिडकीचा प्रत्येक कोपरा सगळा ताण स्वतःकडे ओढून घेतो. पुढच्या टोकाला स्प्रिंग टेकते ती जागा आणि सेफ्टीच्या खटक्यासाठी पाडलेलं भोक, हीसुद्धा नाजूक ठिकाणं. ओतीव धातूत हवेचा एखादा सूक्ष्म बुडबुडा राहून गेलेला असला तर काम आणखी सोपं होतं. तार एकाच जागी वारंवार वाकवली की तुटते, तसंच इथं घडतं. एकेक गोळी काहीच बिघडवत नाही. पाच हजारावी गोळी आधीच्या सगळ्यांचा हिशेब चुकता करते.

थकलेली स्प्रिंग हा हिशेब लवकर पुरा करते. ती ढिली पडली की स्लाइड मागे जाऊन चौकटीवर जोरात आदळते. ही स्प्रिंग फार महाग नसते. ती वेळेवर बदलली तर बरंचसं नुकसान टळतं, तरीही ती बदलणारे थोडेच. दुसरी गोष्ट काडतुसांची. साध्या .२२ ची गोळी रायफलच्या लांब नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगानं सुटते, जलद जातीची ३७५ च्या आसपास, आणि अतिजलद काडतुसं त्याहून पुढे जातात. पिस्तुलासोबतच्या पुस्तिकेत कोणती काडतुसं वापरावीत हे लिहिलेलं असतं. गंमत म्हणून त्याहून जोरकस काडतुसं उडवणं स्लाइडच्या जिवावर बेततं.

हा धडा कोल्ट कंपनी नव्वद वर्षांपूर्वीच शिकली होती. तिचं वुड्समन हे .२२ पिस्तूल १९१५ पासून बनत होतं. जलद काडतुसं बाजारात आल्यावर कंपनीनं १९३२ च्या सुमारास स्प्रिंगमागचा आधाराचा भाग अधिक मजबूत केला. जुन्या भागावर चौकटीदार नक्षी आहे, नव्यावर आडव्या रेघा. जुन्या हत्यारांचे जाणकार आजही वुड्समन हातात घेतलं की आधी मुठीच्या मागची ही नक्षी बघतात.

.२२ चं काडतूस चिमुकलं, मग तड्याचं एवढं काय, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर मोठ्या पिस्तुलानं दिलेलं आहे. अमेरिकी सैन्यानं १९८५ साली बेरेटा कंपनीचं नऊ मिलिमीटरचं एम-९ स्वीकारलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नौदलाच्या विशेष दलातल्या काही सैनिकांच्या हातात त्याची पोलादी स्लाइड दुभंगली आणि मागचा तुकडा उडून चेहऱ्यावर आला. पुढे बेरेटानं घोड्याच्या पिनेचं डोकं मोठं केलं. ते स्लाइडच्या खाचेत बसतं आणि स्लाइड तुटली तरी तुकड्याला मागे उडू देत नाही. .२२ चा जोर कमी हे खरं, पण डोळा तितकाच नाजूक असतो.

तडा दिसल्यावर काय करायचं? झाडणं थांबवायचं. वेल्डिंगचा विचारही मनात आणायचा नाही. जस्त लवकर वितळतं, त्याची वाफ घातक असते, आणि जोडलेली जागा पुढच्या आघातात कशी वागेल हे कोणीच सांगू शकत नाही. शंका असेल तर कुशल बंदूक-कारागीर लाल रंगाचं पातळ द्रव लावून वरून पांढरा थर देतो. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. विमानांचे सुटे भागही याच पद्धतीनं तपासतात. तडा निश्चित झाला की उपाय एकच, नवी स्लाइड, आणि तीही कारखान्याकडून.

इथं वॉरंटीचा विषय येतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. कंपनीनं लेखी हमी दिली तर ती कशी असावी हे तो ठरवतो. हमी दिलीच पाहिजे असं मात्र तो म्हणत नाही. रुगरनं तर लेखी हमी न देण्याचंच धोरण ठेवलं आणि तसं ग्राहकाला छापून सांगितलं. आणि तरीही दुरुस्तीच्या बाबतीत अमेरिकी नेमबाजांत तिचं नाव चांगलं आहे. स्मिथ अँड वेसनची आजीवन सेवा आहे, पण मूळ खरेदीदारासाठी. पिस्तूल दुसऱ्या हातून घेतलेलं असेल तर हा फरक पैशात मोजावा लागतो. सदोष माल परत बोलावण्याचा आदेश देणारा तिथला ग्राहक-सुरक्षा आयोग बंदुकांना हात लावू शकत नाही, कारण कायद्यानंच त्या त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. खेळण्याला एक नियम आणि पिस्तुलाला दुसरा, हे न पटणारं आहे.

त्यामुळे सगळी भिस्त कंपनीच्या दानतीवर. जून २०१७ मध्ये रुगरनं स्वतःहून मार्क-४ पिस्तुलं परत बोलावली. सेफ्टीचा खटका अर्धवट असताना चाप ओढला गेला, तर नंतर खटका सरकवताना गोळी सुटू शकते असं आढळलं होतं. १ जून २०१७ पूर्वी बनलेली सगळी मार्क-४ कंपनीनं मोफत दुरुस्त करून दिली, जाण्या-येण्याचा खर्च उचलला आणि त्रासाबद्दल एक मॅगझीन जादा दिलं. उलट टोकाला कॅलिफोर्नियातली ब्रायको कंपनी. तिची स्वस्त पिस्तुलंही जस्ताचीच. एका मुलाच्या दुखापतीच्या खटल्यात मोठी भरपाई देण्याचा निकाल लागला आणि २००३ साली तिनं दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी बुडाली की हमीचा कागद कोणाला दाखवायचा?

पिस्तूल कारखान्याला पाठवण्याचेही नियम आहेत. १९६८ च्या कायद्याप्रमाणे मालक दुरुस्तीसाठी ते थेट कारखान्याकडे पाठवू शकतो आणि कारखाना थेट त्याच्या घरी परत पाठवू शकतो; मध्ये दुकानदार लागत नाही. टपालानं पिस्तूल पाठवण्यावर मात्र १९२७ च्या कायद्यानं निर्बंध आणले, म्हणून आधी कंपनीशी बोलून तिनं सांगितलेल्या कुरिअरनं आणि तिच्याच लेबलवर ते रवाना करतात. तड्याचे स्पष्ट फोटो, अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि वापरलेल्या काडतुसांचं नाव सोबत असलं की पत्रव्यवहार लांबत नाही.

महाराष्ट्रात हे काडतूस ओळखीचं आहे ते खेळामुळे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकलं, ती स्पर्धा .२२ रिमफायरचीच. तिच्यामागून पुण्या-कोल्हापुरात अनेक मुली या प्रकारात उतरल्या आहेत. त्यांच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच मानला जातो, आणि परवान्याशिवाय दुरुस्ती करणं हा गुन्हा आहे. स्लाइडवर अशी रेघ दिसली तर पिस्तूल ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. ते रिकामं करून कुलपात ठेवा, प्रशिक्षकाला दाखवा आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फत कारखान्याला कळवा.