एसटीच्या तिकिटावरचा कार्बन

एक लिटर डिझेल तराजूत ठेवलं तर भरतं साधारण ८३० ग्रॅम. तेच इंजिनात जळलं की सायलेन्सरमधून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचं वजन होतं जवळपास २.७ किलो. टाकीत ओतलं त्याच्या तिपटीहून जास्त! यात कुठेही गफलत नाही. डिझेलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू येऊन चिकटतात. कार्बनचं वजन १२ धरलं तर त्या दोघांचं ३२, म्हणजे १२ चे झाले ४४. वाढलेला सगळा भार रस्त्यावरच्या हवेतून उचललेला असतो. हवेलाही वजन असतं, हे धाराशिव जिल्ह्याने २०२१ साली करोनाच्या लाटेत फार जवळून पाहिलं. रुग्णांसाठी रोज टनांत ऑक्सिजन मागितला जात होता.

आता धाराशिवहून तुळजापूरला निघालेल्या लालपरीत बसू. अंतर वीसेक किलोमीटर. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर जाते असं धरलं, तर दर किलोमीटरला सुमारे ६०० ग्रॅम वायू. आत चाळीस माणसं असतील तर माणशी १५ ग्रॅम. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर एकटा माणूस किलोमीटरला ४६ ग्रॅम सोडतो, आणि पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल मोटारीतला एकटा माणूस दीडशेहून जास्त. अर्थात दुपारच्या रिकाम्या गाडीत दहाच माणसं असली, तर एसटीचा हिशेब माणशी साठावर जातो आणि मोटारसायकलवरचे डबलसीट दोघे तिला सहज हरवतात. गाडी भरलेली असणं, हीच एसटीची खरी ताकद.

आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघणारे लाखो भाविक? पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर चाल. श्वासातून कार्बन डायऑक्साइड तेही सोडतात, तरी त्यांच्या नावावर काहीच का चढत नाही? कारण तो कार्बन भाकरीतून आलेला. त्याआधीच्या हिवाळ्यात शेतात उभ्या असलेल्या शाळूने तो याच हवेतून ओढून कणसात साठवला. माणसाने खाल्ला, चालताना परत केला. वर्षाच्या आत फेरा पूर्ण. डिझेलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी हवेतून घेतला आणि तो खडकाखाली गाडला गेला. तुळजापूरच्या घाटात गिअर बदलताना आपण तो काळ जाळतो. मला या गोष्टीचा अचंबा अजून ओसरलेला नाही.

वाचवलेल्या वायूला बाजारात किंमत आहे. एक टन वाचला की एक कार्बन क्रेडिट. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, तिचा भर अवजड उद्योगांवर आहे. पण रोजच्या प्रवाशाला असं क्रेडिट द्यायचं म्हटलं तर? मोटारसायकल घरी ठेवून तुळजापूरला एसटीने गेलात तर एका फेरीत सहाशे ग्रॅमच्या आसपास वाचतात. टन भरायला सोळाशे फेऱ्या हव्यात. मोटार घरी ठेवली तर साडेतीनशेच्या थोड्या वर.

इथेच खरी मेख आहे. ‘वाचवलं’ हे ठरवायचं कसं? दिल्ली मेट्रोने खासगी वाहनं सोडून आलेल्या प्रवाशांच्या बळावर संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेतून क्रेडिट मिळवली, तेव्हा प्रवाशांनाच विचारावं लागलं: मेट्रो नसती तर कशाने गेला असता? आता हाच प्रश्न परंड्याच्या स्टँडवर अर्धं तिकीट काढणाऱ्या बाईला विचारा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. तिच्या घरी ना मोटार, ना मोटारसायकल. एसटी नसती तर ती गेलीच नसती. म्हणजे नियमाप्रमाणे तिने वाचवलं शून्य, क्रेडिटही शून्य. आणि आजवर मोटार उडवत आलेल्या माणसाने आठवड्यातून एकदा एसटी धरली की त्याच्या खात्यात जमा सुरू! हे मला मुळातच अन्यायाचं वाटतं.

फिनलंडमधल्या लाहती शहराने २०२० च्या सुमारास वेगळी वाट चाचपून पाहिली. लोकांच्या फोनमध्ये ॲप. माणूस चालतोय, सायकलवर आहे, बसमध्ये की मोटारीत, हे ते फोनच्या हालचालीवरून ओळखे. प्रत्येकाला त्याची परिस्थिती बघून आठवड्याचा कार्बनचा वाटा ठरवून दिलेला. वाटा उरला तर आभासी पैसे मिळत आणि त्यांतून बसचं तिकीटही घेता येई. इंग्लंडमध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी १९९६ मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक प्रौढ माणसाला सारखा वाटा द्यावा, ज्याचा उरेल त्याने विकावा, ज्याला कमी पडेल त्याने विकत घ्यावा. इथे कुणी कोणतं वाहन सोडलं हे विचारायचं कारणच उरत नाही. किती जाळलं, एवढंच बघायचं.

हा सारखा वाटा आपल्या रस्त्यावर आणून पाहू आणि त्यात मुलांनाही धरू. तुळजापूरहून रोज धाराशिवला येणारी अकरावीतली मुलगी. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, भरल्या गाडीत दिवसाला ६०० ग्रॅम, तीनशे दिवसांचे १८० किलो. त्याच रस्त्याने एकट्याने मोटार नेणारा नोकरदार वर्षाला साडेअठराशे किलोंच्या आसपास जातो. प्रवासासाठी प्रत्येकाला समजा ५०० किलोंचा वाटा मिळाला. मुलीकडे ३२० किलो शिल्लक, आणि त्याला साडेतेराशे कमी. ते भरून काढायला त्याला तशा चार मुलींचा उरलेला वाटा विकत घ्यावा लागेल, आणि पाचवीकडूनही थोडा.