सोळा इंचांची बॅग आणि एक जुना कज्जा

प्रवासवर्णन हाती आले की त्यातील देवालये, हिमशिखरे आणि सूर्यास्त यांच्याकडे वळण्यापूर्वी, निघताना प्रवाशाने बरोबर काय घेतले होते याचा शोध घेण्याची मला फार वर्षांपासून ओढ आहे. कारण परमुलखात मनुष्य काय पाहतो त्याहून, घरून निघताना तो काय मागे ठेवतो यावरून त्याच्या स्वभावाची परीक्षा अधिक निश्चितपणे होते, अशी माझी समजूत आहे. सामानाच्या ज्या फर्दी आजवर माझ्या वाचनात आल्या, त्यांत नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर स्त्रीने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नमूद केलेली फर्द मला सर्वांत मोलाची वाटते. तिने बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली ही हकीकत वाचकांस ठाऊकच आहे, तेव्हा बंदरांची नावे आणि न्यूयॉर्कमधील स्वागताचा जल्लोष यांत मी शिरत नाही. मला लिहावयाचे आहे ते तिच्या हातातील एकुलत्या एका बॅगेविषयी, आणि ज्या कज्जातून ती बॅग निघाली त्या कज्जाविषयी.

ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील फिलिअस फॉगने ऐंशी दिवसांत केलेली प्रदक्षिणा त्याहून कमी दिवसांत प्रत्यक्ष करून दाखवावी, ही कल्पना तिने 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या कचेरीत मांडली, ती प्रयाणाच्या सुमारे एक वर्ष अगोदर. कल्पना पसंत पडली. पण ती पार पाडण्यास पुरुषच पाठविला पाहिजे असा व्यवस्थापकाचा आग्रह पडला. त्याच्या हरकती प्रामुख्याने दोन होत्या. स्त्री म्हटली की तिला रक्षक हवा, ही पहिली. दुसरी अशी की, रक्षकावाचून निघाली तरी तिच्यामागे सामानाचा असा बोजा असणार की, आगगाडीतून जहाजात आणि जहाजातून आगगाडीत बदली करताना हटकून खोळंबा होईल. यावर तिने संतापून उत्तर दिले की, खुशाल पुरुष पाठवा. त्याच दिवशी मी दुसऱ्या पत्रातर्फे निघेन आणि त्याला मागे टाकीन.

या दोन हरकतींपैकी दुसरी मला अधिक धूर्त वाटते. रक्षकाचा मुद्दा उघड उघड अविश्वासाचा असल्याने त्याचा प्रतिवाद तरी करता येतो. परंतु सामानाचा मुद्दा स्त्रीच्या हिताचा आणि व्यवहाराचा बुरखा पांघरून येतो, आणि जो बोजा समाजाने पोशाखाच्या रूढीने तिच्या माथी मारला, त्याच बोज्याचे निमित्त करून तिला घरी बसवितो.

वर्षभराने, १८८९ च्या नोव्हेंबरात, एका सोमवारी तिला अकस्मात बोलावणे आले आणि गुरुवारी, १४ तारखेस, तिने जहाजावर पाय ठेवला. मधल्या अवकाशात तिने घॉर्मली नावाच्या शिंप्याकडे जाऊन, तीन महिने अखंड वापरला तरी टिकेल असा पोशाख त्याच संध्याकाळपर्यंत शिवून मागितला. त्या कारागिराने कोणतेही आश्चर्य न दाखविता साधी निळी बनात आणि उंटाच्या लोकरीचे फिकट चौकड्यांचे कापड निवडले, आणि पाच वाजता शेवटचे माप पाहून काम पुरे केले. उष्ण मुलखासाठी आणखी एक हलका पोशाख तिने दुसऱ्या ठिकाणी शिवविला, एक जाड लांब डगला घेतला, आणि मग सुमारे सोळा इंच रुंद व सात इंच उंच अशी एक हातातली बॅग विकत घेतली, ती तिच्यात मावेल तेवढेच सामान न्यावयाचे असा निर्धार करून. त्या बॅगेत काय मावले ते पाहा: प्रवासाच्या दोन टोप्या, तोंडावर घेण्याच्या तीन जाळ्या, सपातांचा एक जोड, प्रसाधनाचे संपूर्ण साहित्य, दौत, टाक, पेन्सिली व लिहिण्याचे कागद, टाचण्या, सुया, दोरा, एक झगा, टेनिस खेळताना घालावयाचा एक ब्लेझर, एक चपटी कुपी व पेला, अंतर्वस्त्रांचे कित्येक जोड, भरपूर रुमाल, गळ्याशी लावावयाच्या कोऱ्या झालरी, आणि हवापालटाने चेहरा फुटू नये म्हणून कोल्ड क्रीमची एक बरणी.

ही बरणी तिच्या प्रवासातील खरी वैरीण ठरली. बॅग उघडावी आणि पुन्हा मिटू लागावे, तो बरणी नेमकी अशा जागी येऊन बसे की झाकण लागूच नये. कापड दाबता येते, गुंडाळता येते, कोपऱ्यात कोंबता येते. काच आणि चिनी माती मात्र आपले आकारमान तसूभरही सोडीत नाहीत, आणि सामान भरण्याच्या सर्व कौशल्याची कसोटी अशा एखाद्याच हट्टी जिनसेपाशी लागते. तो हलका पोशाखही शेवटी मावला नाही. वेगळे गाठोडे करावे की पृथ्वीभर एकाच पोशाखात हिंडावे, असा प्रश्न पडला असता, गाठोड्यांचा तिटकारा असलेल्या या बाईने पोशाखाचा त्याग केला, आणि त्याऐवजी मागल्या उन्हाळ्यातील एक रेशमी चोळी दडपून दडपून आत बसविली.

इथवरची हकीकत चातुर्याची आहे, आणि प्रवासाची सुटकेस कशी भरावी हे सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. तथापि तिच्याच कथनातील दोन तपशील असे आहेत की, जे वाचल्यावर ही बॅग लहान कशाने राहिली याचा उलगडा निराळाच होतो. पहिला तपशील परटाचा. वाटेत कपडे धुऊन मिळतील की नाही, ही तिची निघतानाची मोठी चिंता होती. परंतु ब्रिंदिसीपासून पुढे पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर रोज प्रचंड धुणे निघे, आणि पूर्वेकडील बंदरांत तर सहा तासांत, कबूल केलेल्या मिनिटास, न्यूयॉर्कच्या मानाने नगण्य दरात कपडे धुऊन हाती मिळत, असे ती लिहिते. त्या तत्परतेचे कारण सांगताना, या लोकांना स्वतःला कपड्यांची गरज नसते, असा शेराही ती मारते. हा शेरा मला अत्यंत अनुदार वाटतो. ज्यांच्या श्रमांमुळे तिला सात इंच उंचीच्या पेटीत पृथ्वी ओलांडता आली, त्यांच्या दारिद्र्याला तिने त्यांची आवड समजावे, हे त्या धाडसी लेखणीला शोभले नाही.

दुसरा तपशील पैशाचा. दोनशे पौंड, काही सोन्याच्या नाण्यांत व काही बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांत, तिने अंगावर बाळगले होते. नाणी खिशात आणि नोटा गळ्यातील चामड्याच्या पिशवीत. व्हर्नच्या फॉगनेही दोन लोकरी सदरे व मोज्यांचे तीन जोड एवढेच पिशवीत टाकले, पण त्यांच्या जोडीस वीस हजार पौंडांच्या नोटा होत्या. पुढे ब्लाय स्वतःच कबूल करते की, आपण घेतलेले सामान कमी नव्हे, जास्तच झाले. कारण एडनची दुकाने तिने पाहिली नाहीत, ते सोडले तर प्रत्येक बंदरात तयार पोशाखापासून हवी ती वस्तू तिला विकत घेता आली असती. पोशाख नसल्याची हळहळ तिला एकदाच, हाँगकाँगमध्ये एका सरकारी मेजवानीचे आमंत्रण आले तेव्हा वाटली, आणि तीही फार वेळ टिकली नाही.

प्रत्येक बंदरात हवा तो पोशाख मिळेल, हा भरवसा ज्याचा पोशाख साम्राज्याच्या दुकानांत टांगलेला आहे त्यालाच असू शकतो. इथे मला आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. ब्लायच्या आधी सहा वर्षे, ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, एकही नातलग बरोबर नसताना त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या; आणि निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात, आपला पोशाख आणि आहार आपण बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. त्या जेथे वैद्यक शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या बाजारात लुगडे मिळत नव्हते. जिने आपला वेष न सोडण्याचे वचन दिले, तिला तो सगळाच्या सगळा घरूनच न्यावा लागणार, फाटेल त्याची भरपाई समुद्रापलीकडून मागवावी लागणार. एका पोशाखावर निघण्याची मुभा तिला नव्हती. आपल्याकडे या दोघींची तुलना कोणी केली, तर आनंदीबाईंच्या पेटीचे वजन या हिशेबात धरल्याशिवाय ती न्याय्य होणार नाही.

आता कज्जाचा निकाल. ब्लाय २५ जानेवारी १८९० रोजी परतली आणि एका बॅगेने व्यवस्थापकाची हरकत खोटी पाडली, असे सर्वत्र मानले जाते. माझे मत तसे नाही. स्त्रीजवळ सामान असले की खोळंबा होतो, हे म्हणणे सामानच न नेल्याने खोटे पडत नाही. उलट एका अर्थी ते मान्य केल्यासारखे होते. ते खोटे पाडले दुसऱ्याच एका स्त्रीने, आणि तिचे नाव आज फारच थोड्यांच्या ओठी आहे. एलिझाबेथ बिस्लंड ही 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाची लेखिका. १४ नोव्हेंबरच्या सकाळी ब्लायच्या प्रयाणाची बातमी वाचून मासिकाच्या मालकाने, जॉन ब्रिस्बेन वॉकरने, तिला बोलावून घेतले, आणि त्याच संध्याकाळी उलट दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे, निघावयास सांगितले. तिची इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी चहाला पाहुणे यावयाचे होते. ब्लायला तीन दिवस मिळाले होते, हिला काही तास. तरीही तिने जहाजाच्या खोलीत मावणारी एक ट्रंक, एक मोठी ग्लॅडस्टन बॅग आणि शालींची पट्ट्याने बांधलेली वळकटी एवढे सामान सिद्ध केले. स्वच्छ, नीटनेटके राहण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता, आणि ते तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.

ती हरली, हे खरे. परंतु फ्रान्समध्ये, वेगवान जहाज निघून गेल्याचा खोटा निरोप तिला मिळाला. मग इंग्लंड व आयर्लंड ओलांडून क्वीन्सटाउनला 'बोथ्निया' हे मंदगती जहाज तिला गाठावे लागले, आणि हिवाळ्यातील अटलांटिक महासागराने उरलेले दिवस खाल्ले. या विलंबात ट्रंकेचा काडीइतकाही वाटा नव्हता. ३० जानेवारीस ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा ७६ दिवस झाले होते. ट्रंक, ग्लॅडस्टन बॅग आणि वळकटी यांच्यासह एका स्त्रीने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती, आणि तिला लागलेली मुदत फिलिअस फॉगच्या मुदतीहून चार दिवसांनी कमी होती.