नीलम पारखावा उजेडात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या भागाला रत्नांचे नवल नाही. वैनगंगेपलीकडे, आरमोरी तालुक्यातल्या वैरागडला हिऱ्याची खाण असल्याची नोंद अबुल फजलने सोळाव्या शतकात ‘ऐन-ई-अकबरी’त करून ठेवली आहे. आज वैरागडची खाण इतिहासजमा झाली आहे, पण रत्नांचा बाजार मात्र घरोघर पोहोचला आहे. कुणाला साडेसाती लागली, मुलाला नोकरी मिळेना, दोन हंगाम पिकले नाहीत, की कुणीतरी सांगते, “नीलम घाला.” मग सावलीचा माणूस मूल, चंद्रपूर नाहीतर गडचिरोली गाठतो आणि धानाच्या पैशातून खडा घेऊन येतो.

नीलम घालावा की घालू नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात मी शिरत नाही. पण हाती आलेला खडा खरोखर नीलम आहे का, आणि असला तर कोणत्या प्रतीचा, हा तपासाचा प्रश्न आहे. अडचणीतला माणूस तपास करत नाही, घाई करतो. फसवणूक होते ती तिथेच.

नीलम म्हणजे नेमके काय? धार लावायच्या दगडात ज्या कुरुंदाचा उपयोग होतो, त्याचाच हा देखणा भाऊ. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या संयोगातून कुरुंद तयार होतो. तो शुद्ध असला तर रंगहीन असतो. त्यात लोह आणि टायटॅनियम यांचा अगदी थोडा अंश मिसळला की तो निळा होतो, क्रोमियम मिसळले की माणिक होतो. कुरुंद आपल्याला परका नाही. भंडारा जिल्ह्यात पोहरा परिसरात तो सापडतो, मात्र तो कारखान्याच्या कामाचा. रत्न व्हायला रंग आणि पारदर्शकता, दोन्ही लागतात.

म्हणून नीलमाची पारख रंगापासून सुरू करावी. जवसाचे फूल आपण सर्वांनी पाहिले आहे. तो फिका निळा. गोकर्णाचे फूल गडद निळे. उत्तम नीलमाचा रंग या दोहोंच्या मधला, पण गोकर्णाकडे झुकणारा आणि मुख्य म्हणजे जिवंत असतो. दौतीतल्या शाईसारखा काळपट खडा दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली निळा दिसतो आणि घरी आणल्यावर काळा पडतो. राखाडी किंवा हिरवट छटा असेल तर किंमत उतरते. खडा दुकानाच्या दारात आणून, थेट उन्हात न धरता, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. मग बाजूने पाहावा. पुष्कळदा रंग एकाच कोपऱ्यात किंवा पट्ट्यांत साठलेला असतो.

दुसरी गोष्ट घडणीची. खडा वर्तमानपत्राच्या ओळीवर पालथा न ठेवता सरळ ठेवा. मधोमध अक्षरे स्वच्छ वाचता आली तर खडा उथळ कापला आहे. उजेड परत डोळ्यांकडे येण्याऐवजी तळातून निसटतो आणि मध्यभाग फिका दिसतो. याउलट काही खड्यांचे पोट फार मोठे ठेवलेले असते. ते कोंदणात लपते, पण त्याच्या वजनाचे पैसे आपण मोजतो.

वजनाचीही एक गोम आहे. कॅरेट म्हणजे जगभर २०० मिलिग्रॅम. रतीचे तसे नाही. सोनाराची रती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर रत्नबाजारातली पक्की रती सुमारे १८० मिलिग्रॅमची. म्हणजे पाच रतींचा खडा एका हिशेबाने तीन कॅरेटचा आणि दुसऱ्याने साडेचार कॅरेटचा! तेव्हा भाव आणि वजन कॅरेटमध्येच विचारावे.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. नैसर्गिक नीलम सहसा अगदी निर्दोष नसतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्यात रेशमासारख्या बारीक सुया, ढगाळ ठिपके, सरळ किंवा कोनात वळलेल्या रंगरेषा दिसतात. डोळ्यांना न खुपणारे असे डाग म्हणजे खड्याचा जन्मदाखलाच. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर मात्र नको.

आता नकलीकडे वळू. निळी काच आणि ‘नीली’ म्हणून विकला जाणारा आयोलाइट ओळखणे फार अवघड नाही. नीलम पाण्याच्या चौपट जड असतो, त्यामुळे पाण्यात बुडवून तोलला तर त्याचे वजन एक चतुर्थांशाने घटते. साध्या काचेचे सुमारे दोन पंचमांशाने घटते. सोनाराच्या बारीक काट्यावर हे पाहता येते. खरी अडचण आहे ती कारखान्यात बनलेल्या नीलमाची. फ्रान्सच्या ऑगस्ट व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये ज्वालेत पूड वितळवून माणिक बनवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे काही वर्षांतच त्या रीतीने नीलमही बनू लागला. त्याचे घटक, कठीणपणा, वजन सारे खऱ्यासारखेच. म्हणून काचेवर ओरखडा काढणे, जिभेला गार लागतो का पाहणे, दुधात टाकून दूध निळसर होते का बघणे या परीक्षा इथे निरुपयोगी आहेत. दूध तर निळ्या काचेनेही निळसर भासते. भेद कळतो तो आतल्या खुणांवरून. निसर्गाच्या रेषा सरळ, तर अशा कृत्रिम खड्यातल्या रेषा वक्र असतात, कधी हवेचे बुडबुडेही दिसतात.

याखेरीज खऱ्या खड्यावर केलेले संस्कार असतात. श्रीलंकेचे दुधाळ दगड कडक भट्टीत तापवून निळे करण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ झाली. तो रंग टिकतो आणि व्यापारात ही रीत मान्य आहे, फक्त ती ग्राहकाला सांगितली पाहिजे. न तापवलेल्या चांगल्या खड्याला अधिक भाव असतो. काही खड्यांत बाहेरून रंग वरच्या थरातच मुरवतात. सर्वांत वाईट म्हणजे चिरांत निळी काच भरलेले खडे. अंगठी दुरुस्तीला दिली आणि सोनाराची ज्योत लागली की त्यांचे पितळ उघडे पडते.

“अस्सल काश्मिरी” हा शब्दही जपून ऐकावा. किश्तवाडच्या पाडर भागात १८८० च्या दशकात सापडलेली मुख्य खाण काही वर्षांतच बहुतांशी रिकामी झाली. तिथला मखमली निळा नीलम दुर्मीळ आहे. बाजारात हा शब्द पुष्कळदा केवळ रंगासाठी वापरतात. खड्याचे गाव ठरवायचे ते नामवंत प्रयोगशाळेनेच.

आणि एक लक्षात ठेवा. अंगठीवरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे. म्हणून खडा कोंदणात बसवण्यापूर्वी, सुटा असतानाच पाहावा. पक्क्या बिलावर “नैसर्गिक नीलम”, कॅरेटमधले वजन आणि कोणता संस्कार केला आहे, हे लिहून घ्यावे. महाग खडा असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागावा आणि त्यावरचे वजन व माप खड्याशी ताडून पाहावे. फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे हेच कागद कामी येतात.

नीलम लाभतो की बाधतो हे पाहायला तो तीन दिवस उशाशी ठेवायची आपल्याकडे चाल आहे. ती जरूर पाळा. मात्र “न पटल्यास परत” हे आधी बिलावर लिहून घ्या आणि त्या तीन दिवसांत खडा एकदा उजेडात धरा, एकदा काट्यावर ठेवा, एकदा जाणकाराच्या भिंगाखाली जाऊ द्या. दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर मुदत वाढवून मागा. प्रामाणिक व्यापारी तपासाला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल, त्याच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतणे हीच शहाणी खरेदी.